काजासाठी घेतलेली मशीन: शर्ट आणि जॅकेट शिवून झाल्यावरचा अनुभव

दिवाळीत घेतलेली ऑटोमॅटिक शिलाई मशीन गेल्या आठवड्यात अखेर मला हवं तसं काज काढू लागली, म्हणून आज लिहायला बसलोय. महिनाभरापूर्वी लिहिलं असतं तर नुसता संताप बाहेर पडला असता. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या घरगुती झिगझॅग मशिनी बऱ्याचशा एकाच धाटणीच्या असतात: छोटी मोटर, पायाखाली पेडल, पंधरा-वीस तऱ्हेचे टाके आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘वन-स्टेप काज’. माझं सगळं म्हणणं त्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल आहे.

घरात आईची उषाची काळी मशीन आहे. सरळ टीप तिच्याइतकी सुबक नवी मशीनही मारत नाही. माझे शर्ट मी तिच्यावरच शिवायला शिकलो आणि सरळ शिलाईपुरती मला दुसरी मशीन नकोच होती. अडायचं ते काजापाशी. पूर्ण बाहीच्या शर्टाला 11 काजं लागतात: गळपट्टीला (कॉलरखालच्या उभ्या पट्टीला) एक, पुढे सहा, कफांना दोन आणि बाहीच्या चिरेपट्ट्यांना दोन. कॉलर बटण-डाउन केली की आणखी दोन. एवढ्यासाठी इंदूरच्या लोकमान्य नगरातून राजवाड्याच्या बाजारात जायचं, गाडी लावायला जागा शोधायची आणि लग्नसराई असेल तर काज-बटणवाले चाचा म्हणणार, ‘परसों आना’. पैसे फार लागत नाहीत, पण रविवारी दुपारी पुरा झालेला शर्ट बुधवारपर्यंत अंगात पडत नाही. स्वतः शिवलेलं त्याच संध्याकाळी घालून बाहेर पडण्यातच तर खरी मजा आहे.

बाकीच्या गोष्टी पटकन उरकतो. झिगझॅगने कापडाच्या कडा बांधता येतात, त्यामुळे इंटरलॉकवाल्याकडे जाणं बंद झालं. सुईत दोरा ओवायचं यंत्र चालतं. दिवा बरा आहे. सुया आणि बॉबिन आईच्या मशीनच्याच मापाच्या आहेत, हा मोठाच फायदा. आवाज मात्र जास्त, रात्री दहानंतर खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

पहिला शर्ट बाघ प्रिंटचा केला. धार जिल्ह्यातल्या बाघ गावचं हे लाकडी ठशांचं काम, त्यातले लाल आणि काळे रंग मला फार आवडतात. असं सुती कापड बेतण्याआधी पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून इस्त्री करायलाच हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात कॉलर आवळते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, तीही आधी बघून घ्या. 58 इंच पन्ह्यात माझा पूर्ण बाहीचा शर्ट 1.6 मीटरमध्ये बसतो, 36 इंच असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर घ्यावं लागतं. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, इंदूरच्या गिरण्यांचा काळ सरला, पण एमटी क्लॉथ मार्केटात कापड हाताळत फिरायचं सुख अजून शिल्लक आहे. कटपीसमध्ये नशीब असेल तर एका शर्टाच्या भावात दोन शर्ट निघतात. बाजूच्या शिवणी मी दुमडून दोन टिपांच्या घालतो, म्हणजे आतून धागा दिसत नाही. तिथपर्यंत मशीनने काहीच कुरकुर केली नाही. कॉलरची टोकंसुद्धा छान निघाली.

मग काजं. पुढच्या पट्टीवरची सहा बरी आली. गळपट्टीवरच्या काजाने मात्र जीव नकोसा केला. वन-स्टेप काजात काजाच्या फुटाच्या, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागाच्या, मागच्या खाचेत बटण अडकवायचं, त्यावरून लांबी ठरते, बाजूची दांडी खाली ओढायची आणि पेडल दाबायचं. एक बाजू, टोकाचा टाका, दुसरी बाजू, पुन्हा टोक, असं सगळं आपोआप व्हायला हवं. गळपट्टीवर मशीन दोन-तीन मिलिमीटर सरकायची आणि जागच्या जागी टाके घालत राहायची. दोऱ्याची गाठ होऊन कापड खालच्या, ते पुढे सरकवणाऱ्या दातांवर अडकायचं. काज उसवताना फ्यूजिंगचे (आत इस्त्रीने चिकटवलेल्या कडक अस्तराचे) तंतू निघून कापड विरळ व्हायचं, ते वेगळंच. आणि शर्टात सगळ्यात वर, हनुवटीखाली दिसणारं काज तेच. बाकी दहा सुरेख असून उपयोग काय?

वॉरंटी होती, तक्रार नोंदवली. बरीच वाट पाहायला लावून एक मुलगा आला. त्याने जुन्या चादरीच्या तुकड्यावर, कापड दुहेरी करून काज काढलं आणि म्हणाला, ‘ये देखो भिया, बन रहा है.’ मी गळपट्टी पुढे केली तर म्हणे, ‘घर की मशीन में इतना ही आता है, कॉलर का बाज़ार से करवा लो.’ मला हे अजिबात पटलं नाही. चादरीला काज कोण करतं? डब्यावर शर्टाचं चित्र छापता, तर शर्टावर काज आलं पाहिजे. फोनवर तर सांगितलं की काज वॉरंटीत येत नाही. वॉरंटीचं कार्ड मी दोनदा वाचलं, त्यात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. हे मी त्यांना लेखी कळवलं आणि तक्रार उघडीच ठेवली.

तोवर माझं मत पक्कं झालं होतं की मशीनच खराब आहे. ते बदललं राजवाड्याच्या चाचांमुळे. अर्धवट शर्ट घेऊन नाइलाजाने त्यांच्याकडेच गेलो होतो. त्यांनी गळपट्टीचं टोक अंगठा आणि बोटात धरून पुढे-मागे चोळलं आणि म्हणाले, ‘मशीन नहीं, माल एक लेवल में नहीं है.’

घरी येऊन भिंगाखाली बघितलं तेव्हा सगळं लक्षात आलं. गळपट्टीच्या टोकाशी बाहेरचा थर, आतला थर, फ्यूजिंग आणि आत वळवलेल्या शिवणीची कापडं, असा चढ तयार होतो. काज टोकापासून दीड-एक सेंटिमीटरवर. काजाचा फूट लांब असतो, त्यामुळे त्याचा अर्धा भाग कापडावर आणि अर्धा हवेत राहतो. फूट तिरका झाला की खालचे दात कापड पकडत नाहीत, मशीन जागच्या जागी टाके घालते. पुढच्या पट्टीवर फूट सपाट बसतो, म्हणून तिथे काही अडत नव्हतं.

यावर उपाय असा. गळपट्टीला लागून, कडेला कड भिडवून, त्याच कापडाची तेवढ्याच जाडीची घडी ठेवायची, म्हणजे फुटाला दोन्हीकडे आधार मिळतो. खाली बटर पेपरचा तुकडा, तो नंतर फाडून काढायचा. आतल्या शिवणीची कापडं टोकाशी पायरीपायरीने कापून जाडी कमी करायची. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित सैल, म्हणजे बॉबिनचा दोरा वर डोकावत नाही. सुती शर्टाला 11 नंबरची नवी सुई. आणि काज चिरताना टोकाच्या टाक्याआड टाचणी आडवी खोचायची, म्हणजे उसवणी (टाके कापायचं छोटं हत्यार) पुढे सरकून शेवटचा टाका कापत नाही. एवढं केल्यावर गळपट्टीवरचं काज पुरं होऊ लागलं.

तरी एक खोट राहिलीच. काजाची एक बाजू दाट आणि दुसरी विरळ. विरळ बाजूच्या टाक्यांमधून कापड दिसायचं, इस्त्रीनंतर तर जास्तच. हे कापडाच्या तयारीने जाणारं नव्हतं. काजाची एक बाजू पुढे सरकत शिवली जाते, दुसरी मागे सरकत. दोन्ही वेळा दातांची ओढ सारखी नसली की घनता बदलते. त्यासाठीचा छोटा स्क्रू या मशीनला आहे. गेल्या आठवड्यात कंपनीचा दुसरा कारागीर आला, वयाने मोठा, कमी बोलणारा. त्याने माझ्याच गळपट्टीवर काज काढून बघितलं, तो स्क्रू केसभर फिरवला, पुन्हा काज, पुन्हा जरासा. तिसऱ्या काजाला दोन्ही बाजू सारख्या आल्या. चहा घेऊन तो गेला. हेच काम पहिल्या खेपेला झालं असतं तर थंडीतले सगळे शर्ट मी घरीच पुरे केले असते. पहिल्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी शिकवलंच नसणार. राग आहे तो शिकवल्याशिवाय माणूस पाठवणाऱ्यांवर.

जॅकेटबद्दल थोडं. बंद गळ्याचं, बिनबाह्यांचं जॅकेट मी जाड खादीचं केलं, आत कॅनव्हास आणि अस्तर. 16 नंबरची सुई घातली, तरी खिशाच्या जोडापाशी मोटर कण्हत होती. तिथे हाताने चाक फिरवून टाके घातले. फूट नेहमीपेक्षा थोडा जास्त वर उचलता येतो, त्याचा फार उपयोग झाला. मात्र जॅकेटला शोभतं ते डोळ्याचं काज, एका टोकाला गोल भोक असलेलं. ते ही मशीन काढू शकत नाही. मी ती पाच काजं चाचांकडून करून घेतली आणि पुढच्या वेळी जाड रेशमी दोऱ्याने हातानेच करणार आहे. कोट-जॅकेटच शिवायचे असतील तर काजासाठी ही मशीन घेऊ नका.

पैशांचं म्हणाल तर आमच्या भागात चांगला शिंपी एका शर्टाचे चारशे-पाचशे घेतो. त्या हिशोबाने मशीनची किंमत भरून यायला अजून बराच वेळ आहे, पण कापड नीट निवडलं तर दरवेळी थोडं भरून येतं. शर्टांसाठी ही मशीन आता मी मनापासून सुचवेन.

फक्त दुकानात जाताना एक करा. जुन्या शर्टाची गळपट्टी उसवून, किंवा फ्यूजिंग लावून नवी शिवून, सोबत न्या. विक्रेता चादरीचा तुकडा पुढे करेल, तो बाजूला ठेवा आणि तुमच्या गळपट्टीच्या टोकावर काज काढून मागा. ते आलं तरच पैसे द्या, आणि घनतेचा स्क्रू कुठे आहे ते तिथेच बोट ठेवून दाखवायला सांगा.