अमेरिकेतून आणलेला ४के प्लेअर की इथला साधा ब्लू-रे?

ब्लू-रे प्लेअर घ्यायचा म्हटलं तर दुकानात चार मॉडेलं शेजारी मांडून दाखवणारं आता कोणी राहिलेलं नाही. ओप्पोने २०१८ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ च्या अखेरीस. जे थोडे बनवतात त्यांचं भारतात कधी काय मिळेल याचा नेम नाही. त्यामुळे बेताचं बजेट असलेल्या माणसापुढे सध्या दोनच रस्ते आहेत. अमेरिकेतून कोणी येणार असेल तर तिथला ४के प्लेअर मागवायचा, किंवा इथेच साधा १०८०पी, म्हणजे फुल एचडी, ब्लू-रे प्लेअर शोधायचा, नवा मिळाला तर नवा, नाहीतर वापरलेला.

आमच्या घरात हे दोन्ही प्रकार नांदून झाले आहेत. न्यू जर्सीहून बहिणीने आणलेला ४के प्लेअर आमच्या टीव्हीखाली बरेच महिने होता, आता तो तिच्या सासरी आहे. आमच्याकडे सध्या इथल्या बाजारातला साधा ब्लू-रे आहे. त्यामुळे पुढचं सगळं वापरून सांगतोय, मोजमाप करून नाही. तुमचा टीव्ही, तुमची खोली आणि मुख्य म्हणजे तुमचं कपाट वेगळं असेल, तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आधी ४के ची बाजू, कारण ती खरोखर मजबूत आहे. चांगली ४के डिस्क लावली आणि टीव्ही एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला, नीट दाखवणारा असला, तर रात्रीच्या प्रसंगातला अंधार आणि त्यातला एकच दिवा असा दिसतो की साध्या ब्लू-रेवर परत जाणं जड जातं. माझ्या मते हा फरक एचडीआरचा आहे, पिक्सेलचा कमी. आमचा टीव्ही ४३ इंची आहे आणि सोफा भिंतीला टेकलेला. तिथून बघताना त्याच चित्रपटाची ब्लू-रे आणि ४के डिस्क यांतला बारकाव्याचा फरक मला शोधावा लागला, उजेडाचा फरक मात्र बायकोनेही न सांगता ओळखला. ५५ इंच किंवा त्याहून मोठा आणि खरा एचडीआर टीव्ही असेल, तर ४के चं पारडं जड आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. टीव्ही जुना फुल एचडी असेल तर हा मुद्दा इथेच संपतो.

किमतीत दुपटीहून जास्त फरक पडतो, आणि ४के डिस्कही महाग असतात. मराठी घरातल्या कपाटात त्या असल्याच तर बहुधा परदेशी चित्रपटांच्या. आपल्या आवडीचं बरंचसं अजून डीव्हीडीवर आहे, काही ब्लू-रेवर, आणि आमच्यासारख्या घरांत नाटकांच्या व्हीसीडीही आहेत. २००७-०८ च्या सुमारास मोसर बेअरने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा घरोघरी हे साठे वाढले. ते अजून माळ्यावर आहेत, आणि त्यातलं सगळंच ऑनलाइन सापडत नाही.

आता रीजनची गोष्ट. यात विक्रेतेसुद्धा गल्लत करतात म्हणून सांगतो. रीजन म्हणजे जगाचे पाडलेले भाग, एका भागासाठीची डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालू नये म्हणून घातलेलं कुलूप. ४के डिस्कला हे कुलूप नसतं, हे खरं आहे. पण त्यावरून ‘४के प्लेअर म्हणजे रीजन-फ्री प्लेअर’ असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. त्याच प्लेअरमध्ये साधी ब्लू-रे किंवा डीव्हीडी घातली की जुनी कुलुपं जशीच्या तशी लागू होतात. अमेरिकेत विकलेला प्लेअर ब्लू-रेसाठी रीजन ए आणि डीव्हीडीसाठी रीजन १ असतो. भारत ब्लू-रेच्या वाटणीत सी मध्ये आणि डीव्हीडीच्या वाटणीत ५ मध्ये येतो. डीव्हीडीचं कुलूप कित्येक मॉडेलांत रिमोटवरून काही आकडे दाबून काढता येतं. ब्लू-रेचं तसं सहसा निघत नाही, आत वेगळा बोर्ड बसवलेले प्लेअर घ्यावे लागतात आणि ते स्वस्त नसतात. दिलासा एवढाच, की अनेक मोठ्या स्टुडिओंच्या ब्लू-रे डिस्कवर कुलूप घातलेलंच नसतं, आणि इथे निघालेल्या पुष्कळ डीव्हीडी सगळ्या रीजनसाठी असतात. त्यामुळे रीजनचा त्रास बोलला जातो तेवढा रोजच्या रोज होत नाही. निदान आम्हाला झाला नाही.

माझा निर्णय ज्याने केला ती अडचण वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडी आमच्याकडे आहेत. गावातल्याच व्हिडिओवाल्याने शूटिंग करून, स्वतःच्या कॉम्प्युटरवर जुळवून, डिस्कवर लिहून दिलेल्या. वडील त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांचं चालतं-बोलतं, हसतं रूप आमच्याकडे आहे ते त्या डिस्कवर. अमेरिकन प्लेअर आल्यावर बहिणीने मोठ्या उत्साहाने पहिली डिस्क घातली, आणि पडद्यावर ‘ही डिस्क चालवता येत नाही’ अशा अर्थाची एक ओळ आली. दुसरी घातली, तीच ओळ. मुलाच्या मुंजीची, तीच ओळ. सगळ्यांना वाटलं रीजनची भानगड आहे. एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानेही डीव्हीडीचं रीजन काढून देतो म्हणून सांगितलं, आणि त्याने काढलंही. डिस्क तरीही चालल्या नाहीत, कारण घरगुती डिस्कवर मुळात रीजन नसतोच.

अडचण होती पॅलची. आपल्याकडे रंगीत टीव्ही पहिल्यापासून पॅल पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रं, डीव्हीडीवर ५७६ ओळी. अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला साधारण ३० चित्रं, ४८० ओळी. हे विजेच्या ५० आणि ६० हर्ट्झपासून चालत आलेलं आहे. आपल्याकडचे प्लेअर, तसेच युरोपातले, दोन्ही पद्धतींच्या डिस्क वाचतात. अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेले बहुतेक ब्लू-रे आणि ४के प्लेअर पॅल डिस्क सरळ नाकारतात. काही मॉडेलं अपवाद आहेत, पण खोक्यावर ते क्वचितच लिहिलेलं असतं. टीव्ही दोन्ही पद्धती दाखवत असला तरी उपयोग नाही, कारण नकार प्लेअरच देतो. आणि रीजन उघडला म्हणून पॅलचा प्रश्न सुटत नाही, या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. महागातला अमेरिकन प्लेअर घ्यायला निघालेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

गंमत म्हणजे बाजारात विकत घेतलेल्या पुष्कळ हिंदी-मराठी डीव्हीडी परदेशातल्या गिऱ्हाइकांचा विचार करून एनटीएससीत काढलेल्या असतात, त्या अमेरिकन प्लेअरवर बिनतक्रार चालतात. म्हणून पहिले काही आठवडे सगळं सुरळीत आहे असं वाटतं. नेमक्या घरातल्या डिस्क तेवढ्या अडतात: लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, कॉलनीतलं हौशी नाटक. इथे विकले गेलेले कॅमेरे पॅलचे होते, त्यामुळे हे सगळं पॅलमध्येच आहे. नंतरच्या काळात कॅमेऱ्यातून थेट हाय-डेफिनिशनमध्ये उतरवलेल्या डिस्कही ५० हर्ट्झच्या, त्यांचंही तेच. आणि युरोपातून काही माहितीपटांच्या ब्लू-रे मागवल्या असतील तर त्यातल्या काही १०८०आय ५० हर्ट्झच्या असतात, त्याही अडकतात.

डिस्क कॉम्प्युटरवर रूपांतरित करून पेन ड्राइव्हवर घ्या, असा सल्ला मिळतो. घेता येतं. पण २५ चित्रांची ३० करताना हालचाल किंचित अडखळते, आणि वरातीतली नाचणारी माणसं तशी अडखळत बघायला मला आवडलं नाही. शिवाय हे काम मी केलं तरी आई करणार नाही. तिला दुपारी वाटलं तर उठून स्वतः डिस्क घालून बघता आली पाहिजे, ही माझी अट होती. इथल्या साध्या प्लेअरमध्ये ती घातली आणि चालली. पुढे मला बाकीची तुलना करण्यात फारसा रस राहिला नाही, तरी तुमच्यासाठी करतो.

व्हीसीडीच्या बाबतीत दोन्हींची खात्री देता येत नाही. ब्लू-रे प्लेअरला व्हीसीडी चाललीच पाहिजे असं बंधन नाही, आणि कित्येक कंपन्यांनी ती सोय काढून टाकली आहे. मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या डिस्कच्या यादीत व्हीसीडीचं नाव आहे का ते बघा, नसेल तर चालणार नाही असंच धरा. जुनी व्हीसीडी कॉम्प्युटरवर उघडलीत तर आत .डॅट फाइल सापडते, तिचं नाव .एमपीजी केलं की बहुतेक वेळा चालते. नाटकांच्या व्हीसीडीसाठी मी हेच केलं, आणि डिस्कवरचा थर उडायच्या आत तुम्हीही करून ठेवावं असं मनापासून वाटतं.

जोडण्यांबद्दल थोडं. परवान्याच्या नियमामुळे २०१४ पासून बनलेल्या ब्लू-रे प्लेअरना लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतली पिवळी, म्हणजे चित्राची जोडणी देता येत नाही. डब्बा टीव्ही अजून असेल तर हे लक्षात ठेवा. स्वस्त मॉडेलांतून आवाजाच्या साध्या जोडण्याही गायब झाल्या आहेत. जुन्या ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून आवाज घेता येतो, आमच्याकडे तसंच चालतं. अमेरिकन प्लेअरची वीज १२० व्होल्टची असते. बाहेरून अडॅप्टर असेल आणि त्यावर १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची, नाहीतर ट्रान्सफॉर्मर आला.

व्हिडिओ गेमच्या कन्सोलबद्दल बरेच जण विचारतात. घरात खेळणारी मुलं असतील आणि कन्सोल येणारच असेल, तर डिस्कचा खण असलेला घ्या म्हणजे ४के डिस्कही चालतील. पण फक्त चित्रपटांसाठी मी तो घेणार नाही. प्लेस्टेशन ५ वर गाण्यांची सीडी चालत नाही, डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन, म्हणजे एचडीआरचाच एक प्रकार, तेही मिळत नाही, आणि खेळाच्या कंट्रोलरवर चित्रपट थांबवणं-चालवणं घरातल्या मोठ्या माणसांना सोयीचं नाही. वेगळा रिमोट मिळतो, त्याचे पैसे वेगळे.

इथला साधा प्लेअर घ्यायचं ठरलं तर तो बहुधा वापरलेलाच मिळेल. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारत फिरलात तर हाती लागतो, किंवा ओळखीच्या एखाद्याच्या घरी धूळ खात पडलेला असतो. बघायला जाताना तीन डिस्क बरोबर न्या. एक घरगुती लिहिलेली डीव्हीडी, एक गाण्यांची सीडी, आणि एक मोठ्या चित्रपटाची दोन थरांची, म्हणजे ५० जीबीची ब्लू-रे. ब्लू-रे सुरुवातीला चालली म्हणून समाधान मानू नका. चित्रपटाच्या मध्यावर जाऊन तिथली काही मिनिटं बघा, कारण डिस्क वाचणारा लेझरचा डोळा कमजोर झालेला प्लेअर थर बदलताना अडतो. घरी आणल्यावर कंपनीच्या साइटवरचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवर उतरवून घाला आणि ती फाइल जपून ठेवा. नव्या ब्लू-रे डिस्कवरची संरक्षणाची कुलुपं जुन्या फर्मवेअरला उघडता येत नाहीत, आणि कंपनीने तो धंदा सोडला असेल तर ती फाइल साइटवर किती दिवस राहील याचा भरवसा नाही.

आणि मोठा टीव्ही असल्यामुळे ४के घ्यायचाच असं तुमचं पक्कं असेल, तर मी अडवणार नाही. फक्त अमेरिकेऐवजी दुबईहून किंवा लंडनहून येणाऱ्या माणसाला सांगून बघा. तिथला प्लेअरही ब्लू-रेला रीजन बी आणि डीव्हीडीला रीजन २ असतो, म्हणजे कुलूप आहेच. पण वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टच्या आसपास, पिन तेवढी बदलावी लागते, आणि लग्नाची डिस्क त्यात चालते.