माचा मागवला आणि घरात मुंग्या आल्या

दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं, खरं सांगायचं तर लाज वाटत होती. पण परवा आमच्या गल्लीतल्या एका वयनी मोबाईल पुढं धरून "भावजी, हे मागवू काय ओ?" म्हणाल्या आणि बघतो तर मी फसलो होतो तीच माचाची जाहिरात, फक्त पेजचं नाव बदललेलं.

शहापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसाला सात-आठ कप चहा होतो, म्हणून लेक मागं लागली, पप्पा चहा सोडा, माचा प्या, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पानांची पूड. (माचात पण कॅफीन असतंय, साध्या कपभर चहापेक्षा बहुतेक कमी नाहीच, हे मला नंतर कळलं.) इन्स्टावर एक पेज सापडलं, जपानच्या उजीचा सेरेमोनियल (म्हणजे भारी प्रतीचा) माचा, 100 ग्रॅम, वर ढवळायचा बांबूचा ब्रश फुकट, सगळं मिळून 799, ऑफर रात्री 12 पर्यंतच. उजी खरंच आहे काय म्हणून शोधलं तर आहे की, क्योतोजवळ, चहासाठी नावाजलेलं. गावाचं नाव खरं निघालं म्हणून मी माल पण खरा धरून चाललो आणि पैसे आधीच भरले.

पाकीट आलं, चंदेरी, त्यावर जपानी अक्षरं. मागं बनवल्याची तारीख नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थाच्या सरकारी परवान्याचा, 14 आकडी नंबर नाही, आत काय काय घातलंय ते पण नाही. उघडलं तर खाकी रंगाची भुकटी, वाळल्या गवताचा वास. आई लांबूनच म्हणाली, "मेंदी आणलास काय रे?" मी तरी हट्टानं ढवळत बसलो तर ब्रशच्या दोन काड्या मोडून कपात. त्यात थोडी माझी पण चूक, तो ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवायचा असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग, खिडकीपासून थेट पाकिटात. चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली तर चक्क साखर! नुसत्या चहाच्या पानाच्या पुडीत साखर कुठून येणार? आई म्हणाली, "मुंग्यांना कळलं बघ, तुला नाही कळलं."

इथपर्यंत 799 ला बसलो होतो, गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण मी व्हॉट्सॲपवर भांडायला गेलो. समोरचा इतका गोड बोलला की काय सांगू, सॉरी सर, लगेच रिफंड करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे खात्यात येतील. दुकानात हॉलतिकिटाच्या झेरॉक्सला पोरांची गर्दी, लॅमिनेशनचं मशीन तापलेलं, एका हातात फोन, स्क्रीनवर 7,990 होतं ते मी घाईत 799 वाचलं आणि पिन मारला. गेले पैसे.

आता ह्यात डोकं फिरवणारी गोष्ट ही की माझ्या काउंटरवर क्यूआर लावलाय, त्याचा बोलणारा डबा दिवसभर दहा रुपये मिळाले, वीस रुपये मिळाले ओरडत असतो, आणि त्या पैशांसाठी मी आजवर एकदा पण पिन टाकलेला नाही. घ्यायला पिन लागतच नाही, द्यायलाच लागतो. हे मी स्वतः गिऱ्हाइकांना समजावून सांगतो ओ!

चार तास मी त्यालाच फोन लावत बसलो, ते चार तास वाया. पैसे गेले की पहिला फोन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा, ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवा. माझ्या पैशातले थोडे समोरच्या खात्यात अडकवलेत म्हणतात, हातात अजून काही नाही.

नंतर बेंगळूरहून भाचा आला, त्यानं खऱ्या माचाची 30 ग्रॅमची डबी आणली, अठराशेची. झाकण काढलं आणि फरक समोर, लख्ख हिरवी, बोटांत घेतली तर तोंडाला लावायच्या पावडरीसारखी मऊ. तो म्हणाला मामा, तोडणीआधी तीनेक आठवडे झाडांवर सावली करतात म्हणून हा रंग, आणि दगडी जात्यावर तासाला 30-40 ग्रॅमच दळून निघतो. मी मनात हिशोब केला, म्हणजे माझ्या 100 ग्रॅमला जातं अडीच-तीन तास फिरायला पाहिजे, आणि तो पेजवाला मला ब्रशसकट 799 ला देत होता!

करायचं असंय: पाणी उकळून चार-पाच मिनिटं उघडं ठेवायचं, उकळतं ओतलं तर कडू होतंय. सपाट छोटा चमचा, साधारण 2 ग्रॅम, चहाच्या गाळणीतनं चाळून, अर्धा कप पण नको इतकं पाणी, आणि फेस येईपर्यंत झपाझप ढवळायचं. चव मला तरी मटारच्या सालीसारखी लागली. आई एक घोट घेऊन म्हणाली, "चहा टाक."

वयनींनी ऑर्डर केली नाही. ती भुकटी कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली, तिथं पण मुंग्या झाल्या. ब्रश आईनं ठेवून घेतलाय, मिक्सरच्या भांड्यातली चटणी त्यानं बरी निघते म्हणते.