कुंपणासाठी करवंदाची रोपे : एक परीक्षण

जिवंत कुंपणासाठी रोपे मागितली की रोपवाटिकेत हल्ली दुरांटा किंवा मेंदी पुढे केली जाते, आणि फळझाडांच्या रांगेत मागे ठेवलेली करवंदाची रोपे विचारल्याशिवाय दाखवलीही जात नाहीत. सह्याद्रीच्या जांभ्या कातळावर, कोणी न लावता नि न शिंपता वाढणाऱ्या या झुडपाची अशी उपेक्षा मला अनाठायी वाटते. रोपांबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही; त्यांच्याबरोबर मिळालेल्या सूचनांबद्दल मात्र आहे.

रोपे निरोगी होती : समोरासमोर येणारी जाड, चकचकीत पाने, पान खुडताच टपकणारा पांढरा चीक आणि कोवळ्या फांदीवरही हाताला जाणवणारे काटे. वाढलेल्या झुडपावर हे काटे जोडीने येतात, पुष्कळदा टोकाशी दुभंगतात आणि चांगले दोन ते पाच सेंटीमीटर लांब होतात. त्यामुळे गुरे या कुंपणाच्या वाटेला सहसा जात नाहीत. एका पिशवीच्या तळाशी मुळांची वेटोळी झाली होती, म्हणून विकत घेताना पिशवी उचलून तळ पाहून घ्यावा.

‘रोज पाणी द्या, शेणखत भरपूर घाला, सावलीतही चालेल’ हा विक्रेत्याचा सल्ला बाजूला ठेवलेलाच बरा. करवंदाला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा या दोन गोष्टी मिळाल्या की मुरमाड, खडकाळ, हलकी जमीनही पुरते. उलट पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मुळे कुजण्याचा धोका असतो, आणि तशीच जमीन असेल तर उंच वरंब्यावर लागवड करावी. पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे लागते. मुळे खोल गेल्यावर तेवढीही गरज सहसा उरत नाही. खताचा अतिरेक झाला, तर पालाच माजतो.

छाटणीबाबत विक्रेते बोलतच नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी सुगंधी फुले फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी येतात. तेव्हा हिवाळ्यात शेंडे कातरून कुंपण भिंतीसारखे सरळ केले की येऊ घातलेला बहरही कचऱ्यात जातो. उन्हाळ्यातली फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडाशी छाटावे. आमच्याकडे रस्त्याकडची बाजू वरचेवर कातरली जाते आणि आतली मोकळी सोडली आहे. फुलांचे झुबके जवळजवळ सगळे आतल्या बाजूलाच दिसतात. हातमोजे जाड हवेत, आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेला हे झुडूप लावू नये.

लोणच्यासाठी मोठी फळे हवी असतील, तर बियांपासूनच्या रोपांवर विसंबू नये, कारण त्यांची फळे आकाराने आणि आंबटपणात एकसारखी निघत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण बोल्ड’ जातीची कलमे मागावीत. निव्वळ कुंपणासाठी बियांची रोपे पुरेशी आहेत, आणि ती विकतच घ्यायला हवीत असेही नाही : पिकलेल्या करवंदांच्या ताज्या बिया लगेच पेरल्या तर उगवतात, साठवून ठेवल्या की मात्र त्यांची उगवणशक्ती लवकर जाते.