टेबलवरचा एसटीएम घेताय? मग टँटलम डायसल्फाइड पण मागवाच

आमच्या कॉलेजच्या एमएस्सी लॅबला छोटा एसटीएम घेतलाय, स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे बारीक टोक सॅम्पलच्या अगदी जवळून फिरवत मधल्या फटीतून वाहणाऱ्या करंटवरून अणूंच्या पातळीची इमेज काढणारं यंत्र, आणि मुंबईतल्या बाकीच्या कॉलेजवाले सारखं विचारतात घ्यावा का, म्हणून लिहितोय. डोळे झाकून घ्या. फक्त ग्राफाइटवर थांबू नका.

टिपसाठी, म्हणजे त्या टोकासाठी, प्लॅटिनम-इरिडियमची वायर मिळते, कटर तिरका धरून कापता कापता ओढायची, टोक नीट तुटलं तर ठीक नाहीतर परत कापायची. टिप आणि सॅम्पलमधली फट एक अँगस्ट्रॉमने वाढली की करंट साधारण दहा पटीने पडतो, सगळी ताकद त्यातच आहे. ग्राफाइटवर ठिपक्यांची जाळी लगेच येते, अंतर 0.246 नॅनोमीटर, म्हणजे एक सोडून एक कार्बनच दिसतो, कारण ज्याच्या बरोब्बर खाली दुसऱ्या थरातला अणू आहे तो दबलेला दिसतो, आणि इथेच पोरांच्या लक्षात येतं की आपण बघतोय ते अणू नाहीत, त्यांच्यातले इलेक्ट्रॉन आहेत.

खरी मजा पुढे. 1टी प्रकारचा टँटलम डायसल्फाइडचा क्रिस्टल घ्या, सेलोटेप लावून वरचा थर काढा आणि लगेच स्कॅन करा. सुमारे 1.2 नॅनोमीटर अंतरावर मोठे मोठे ठिपके दिसतात, ती अणूंची जाळी नाहीच, ती चार्ज डेन्सिटी वेव्ह, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दाटीची लाट! तेरा तेरा टँटलम अणू ताऱ्यासारखे एकत्र ओढले जातात आणि इलेक्ट्रॉन मिळून ही नक्षी करतात, आणि ते रूम टेम्परेचरला, साध्या हवेत, आपल्या टेबलवर. बीएस्सीची पोरं सुद्धा स्क्रीनसमोरून हलत नाहीत.

आता मर्यादा. सुपरकंडक्टरची गॅप (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांमधली रिकामी पट्टी) वगैरे यात विसरा. रूम टेम्परेचरला उष्णतेनेच ऊर्जेचा स्पेक्ट्रम जवळपास 90 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टने पसरट होतो आणि नायोबियम या सुपरकंडक्टरची गॅप जेमतेम दीड मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यासाठी कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) आहे तसं मशीन लागतं, 350 मिलीकेल्विनपर्यंत थंड आणि 9 टेस्लापर्यंत चुंबकीय क्षेत्र, तो खेळच वेगळा.

आमचा डीलर मात्र डिलिव्हरीनंतर फोन उचलत नाही, तेव्हा ट्रेनिंगचं आधीच लेखी घ्या. जागा तळमजल्यावर बघा, लिफ्टपासून लांब, स्कॅन चालू असताना पंखा बंद, आणि लोकल गेली की इमेजमध्ये आडवे पट्टे येतात त्यामुळे ट्रॅकजवळच्या कॉलेजांनी व्हायब्रेशन अडवणाऱ्या टेबलचे पैसे बजेटमध्ये धराच. पावसाळ्यात क्रिस्टल डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) ठेवायचे, सिलिका जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये टाकून परत निळं करून घ्यायचं.