बांधाकडची पट्टी अन् वकीलबाईंचा सल्ला

येळ्ळूरला आमच्या अन् शेजारच्या अण्णांच्या शेतामधली पट्टी कुणाच्याच उताऱ्यात नाही. वडिलांपासून तिथं आमचीच गवताची गंजी. ती नावावर करायची म्हणून बेळगाव कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडं गेलो. फार चांगला अनुभव.

कन्नड पहाणी (कर्नाटकातला सातबाराच म्हणा) त्यांनी ओळ न् ओळ मराठीत समजावली. मग सर्व्हेचं टिपण, म्हणजे मोजणीचा नकाशा, टेबलावर पसरून पेन्सिलीनं हद्द दाखवली. म्हणाल्या, ताब्यावरून मालकी मागायची तर, खासगी मालकाची जागा असेल तर त्याच्या परवानगीशिवाय, उघड अन् सलग 12 वर्षं ताबा लागतो. सरकारी असेल तर 30. ताबेदाराला आता स्वतःहून दावाही लावता येतो, तो सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल. पण पट्टी 'ब' खराबात, म्हणजे सार्वजनिक वाट-नाल्याच्या जमिनीत निघाली तर नाद सोडा, हे तोंडावर सांगितलं. असं सांगणारं माणूस मिळत नाही हो!

फी बोलल्याएवढीच. बसायला मात्र जागा अपुरी, म्हाताऱ्यांचे हाल होतात.

मोजणीचा अर्ज त्यांनीच लिहून दिला, अन् अण्णांना आधी कळवा, मोजणीला समोर असू देत, असं बजावलं. जाताना मूळ कागद न्या, झेरॉक्सवर त्या मत देत नाहीत.