दीड हजारात दिवाळी: कुंभारवाडा ते मंडई, आमच्या खरेदीचा रिव्ह्यू

मागच्या वर्षी दिवाळीला मी आळस केला आणि ऑनलाइन एक डेकोरेशनचं खोकं मागवलं, बावीसशे रुपयांचं. त्यात प्लास्टिकच्या झेंडूची तोरणं, लायटिंगच्या दोन माळा (एक धनत्रयोदशीलाच अर्धी विझली) आणि रांगोळीचा स्टिकर, जो भाऊबीजेनंतर फरशीवरून निघेचना, शेवटी रॉकेल लावून खरवडला. भाड्याचं घर आहे हो, मालक दर महिन्याला भाडं घ्यायला येतात ते आधी भिंती बघतात, मग आम्हाला.

म्हणून यंदा ठरवलं, दीड हजाराच्या वर एक रुपया नाही आणि सगळं पुण्याच्या पेठेतून, हातात धरून, बघून घ्यायचं. वसुबारसेच्या आठवडाभर आधी, मंगळवारी सकाळी, मी आणि सासूबाई निघालो. वार मुद्दाम सांगतेय, कारण शनिवार-रविवारी तिकडं गेलात तर खरेदी होत नाही, नुसतं ढकललं जातं. गाडी नेऊच नका, मंडईचं पार्किंग त्या दिवसांत सकाळीच फुल्ल असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली तेव्हापासून आम्ही सिंहगड रोडवाले सुखी आहोत, स्वारगेटला बसायचं आणि मंडई किंवा कसबा पेठेला उतरायचं.

आम्ही आधी कसबा पेठेला उतरलो, कुंभारवाड्यात. हीच चूक झाली, ती पुढे सांगते. पण माल म्हणाल तर पैकीच्या पैकी. पन्नास रुपये डझन साध्या पणत्या, तीन डझन घेतल्या. एका आज्जींकडे मी भराभर उचलून पिशवीत टाकायला लागले तर त्याच म्हणाल्या, "ताई, वाजवून बघा की, अशा काय घेताय." मग त्यांनी नखानं टिचकी मारून दाखवली, नीट भाजलेली पणती टणटण वाजते आणि कच्ची किंवा चिरलेली भद्द. छत्तीसच्या छत्तीस वाजवल्या आम्ही, त्यातल्या चार त्यांनी स्वतःच बाजूला काढून बदलून दिल्या. हे त्या खोक्यातून मिळणार होतं का?

तिथून निघताना रस्त्यावरच्या एका स्टॉलवर मात्र मला मोह आवरला नाही. सहा रंगवलेल्या पणत्या, टिकल्या-बिकल्या लावलेल्या, दीडशे रुपये. सासूबाई फक्त "घे हं, घे" म्हणाल्या, त्या तशा म्हणाल्या की समजायचं नको घेऊ. घेतल्या. तेल घातल्यावर दुसऱ्या दिवशी सोनेरी रंगाचे पापुद्रे वातीबरोबर तेलात तरंगत होते. दीडशे रुपये पाण्यात, म्हणजे तेलात.

साध्या पणत्यांना आल्या आल्या रात्रभर बादलीत बुडवा बरं का, नाहीतर कोरडी माती सगळं तेल पिऊन टाकते आणि खाली फरशीवर तेलकट गोल उमटतो. बुडवताना बारीक चर्रर्र आवाज येतो आणि बुडबुडे निघतात, आमचा मुलगा बादलीशी अर्धा तास बसून होता, मोबाईल न मागता, हा बोनस.

तर चूक काय, की मातीचं जड सामान आधी घेतलं आणि दिवसभर खांद्याला लटकवून फिरले. तुम्ही मंडईला उतरा, बाकीचं सगळं उरका, कुंभारवाडा शेवटी ठेवा आणि कसबा पेठ स्टेशनवरून घरी जा.

लायटिंग तापकीर गल्लीत. गल्ली म्हणजे नुसती वायरी, होल्डर, बल्ब आणि हातगाडीवाल्यांचे "बाजू बाजू". एकशेवीसला एक अशा वॉर्म रंगाच्या दोन माळा घेतल्या, आणि दुकानदारानं न सांगता प्लगला लावून पेटवून दाखवल्या. मी मागच्या वर्षीचं रडगाणं सांगितलं तर म्हणाला, "वहिनी, त्या माळेत दिवे सिरीजमध्ये असतात, एक तुटला की त्याच्याबरोबरचे सगळे जातात, हलवून बघा मग घ्या." हलवली, वायर ओढून बघितली, मग घेतली. अजून तरी चालू आहेत. फक्त तिथं निवांत विचार करायला उभं राहू नका, मागची गाडी तुमच्या टाचेवर येते.

कंदिलाचं सामान बोहरी आळीत. तयार कागदी कंदील बरेच होते, पण मला कामट्यांचा हवा होता, माहेरी बाबा करायचे तसा. बांधलेला सांगाडा एकशेऐंशीला मिळाला आणि पतंगी कागदाचे सहा ताव तीस रुपयांना. दुकानातला मुलगा जरा तुसडा होता, सहाच ताव म्हणल्यावर तोंड वाकडं केलं, होलसेलचं गिऱ्हाईक उभं असताना आम्हाला कोण विचारतो, त्याचा एक स्टार कापला. पण कागद ताजा होता, घडीवर फाटला नाही. खळ घरी केली, मैदा शिजवून, सासूबाईंनी चिमूटभर मोरचूद टाकलं किडा लागू नये म्हणून (मुलांना त्यात हात घालू देऊ नका, विषारी असतं). आत एलईडी बल्ब लावा, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागदाला टेकला तर संपलंच.

रांगोळी आणि गेरू मंडईच्या बाजूला घेतलं, किरकोळ पैसे. गेरू फरशीवर लावला तर मालक बाहेर काढतील, म्हणून पलंगाखालचा प्लायचा तुकडा गेरूनं सारवला, दारात ठेवला, त्यावर ठिपक्यांची रांगोळी. रात्री उचलून आत. भिंतीवर खिळा चालत नाही तिथं चिकटवायचे हुक लावले, त्यांना एकशेवीस गेले आणि मला अजून ते महाग वाटतात.

खाली पार्किंगच्या कोपऱ्यात मुलांचा किल्ला झाला, सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढून. मावळे कुंभारवाड्यातूनच आणले होते, चाळीसला एक, फक्त चार. बाकीची फौज जुन्या डब्यातली, त्यात एक एका हाताचा मावळा आहे, त्याला दरवर्षी दरवाज्यावर उभा करतात. अळीव पेरले होते, चार दिवसांत किल्ला हिरवा.

झेंडूचा अनुभव मात्र कडू. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी घराजवळच्या एका गाडीवरून दोन किलो घेतले, शंभर रुपये किलो. वरची फुलं खणखणीत, घरी पिशवी उपडी केली तर खालची सगळी पावसात भिजलेली, देठापाशी काळी पडलेली. भिजलेलं फूल वजनाला जड भरतं आणि सकाळपर्यंत कुजतं, म्हणजे दोन्हीकडून आपलंच नुकसान. पिशवीत तळापर्यंत हात घालून बघायचा एवढं तरी मला कळायला हवं होतं. निम्म्यात जेमतेम दाराचं तोरण झालं, मध्ये आंब्याची पानं जरा दाटीनं ओवली.

एकूण हिशेब चौदाशे पन्नास, त्यात मेट्रो आणि आम्हा दोघींचा उसाचा रस धरून. सासूबाईंनी उरलेले पन्नास परत मागितले नाहीत, हीच माझी ओवाळणी.

आणि कंदील. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी पूजा चालू असताना अचानक सर आली, बाल्कनीतला कंदील कोणाच्या लक्षातच नाही. बाहेर येऊन बघते तर एका बाजूचा कागद लोंबतोय आणि खाली प्लायवर ठेवलेल्या पांढऱ्या रांगोळीत गुलाबी थेंब पडताहेत, टप टप. नवरा म्हणाला, "बघ, म्हणून प्लास्टिकचा घ्यावा." सासूबाईंनी काही न बोलता उरलेला ताव काढला, खळीचं भांडं गॅसवर ठेवलं. पाडव्याच्या सकाळी कंदील परत वर होता, तीन बाजू गुलाबी आणि एक हिरवी, कारण गुलाबी संपला होता.