स्वमग्न मुलांसाठी आहारसल्ला : पुण्यातील एका सेवेविषयी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या पालकांना आहाराचे सल्ले सगळीकडून मिळतात, आणि त्यांतले बहुतेक गहू व दूध बंद करण्यापासून सुरू होतात. पुण्यातील ज्या बालआहारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही आमच्या सहा वर्षांच्या मुलाला नेतो, त्यांनी मात्र त्याच्या ताटातले काहीही काढायला सांगितले नाही, आणि मला त्यांची सेवा मोलाची वाटते ती मुख्यतः यामुळेच.

ग्लुटेन (गव्हातले प्रथिन) आणि केसीन (दुधातले प्रथिन) वर्ज्य केल्याने स्वमग्नतेची मूळ लक्षणे कमी होतात याला भक्कम पुरावा नाही, आणि ब्रिटनमधील उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ संस्थेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी असा आहार देऊ नये असेच म्हटले आहे, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. गव्हाविषयी शंका असेलच तर सीलिॲक रोगाची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या विकाराची) रक्ततपासणी आधी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यावर तिचा निष्कर्ष भरवशाचा राहत नाही, हे आम्हाला तोवर कोणीच सांगितले नव्हते. शिवाय दूध तोडले तर या वयाला रोज लागणारे सुमारे ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या पोटात कशातून जाणार, याचाही विचार करावा लागतो.

आमचा मुलगा मऊ, ओलसर काही तोंडात घेत नसे. हा हट्ट नव्हे, त्याला तो स्पर्शच सोसत नाही, असे सांगून बाईंनी त्याच्या आवडत्या तांदळाच्या पापडापासून सुरुवात केली : आधी तेवढ्याच आकाराचा नाचणीचा पापड, मग तव्यावर कडक होऊ दिलेले नाचणीचे पातळ धिरडे, आणि पुढे त्यात चिमूटभर किसलेले गाजर. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत ठेवायचा, त्याने नुसता हुंगला तरी पुरे मानायचे आणि आग्रह मुळीच करायचा नाही, हा नियम आजीसकट घरातल्या सर्वांना लागू आहे. धिरडे तो आता आवडीने खातो. गाजर अजून वेचून बाजूला ठेवतो.

उणिवाही आहेत. प्रतीक्षागृहातला दूरदर्शन संच मोठ्या आवाजात सुरू असतो आणि अशा मुलांना तो असह्य होतो. तो बंदच ठेवायला हवा. शाळेच्या डब्याचा विचारही बाईंनी दिलेल्या आहारतक्त्यात अपुरा वाटला.

पहिल्या भेटीला जाताना मुलाने आठवडाभरात प्रत्यक्ष काय खाल्ले आणि शौचास केव्हा झाली याची नोंद सोबत न्यावी, कारण ती पाहिल्याशिवाय बाई तक्ता देत नाहीत.